अकरा आठवड्यांचे रक्त

रविवार, १० नोव्हेंबर, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावरील हॉलमध्ये देवराव खोब्रागडे यांच्या उजव्या हातातून चहाचा कागदी कप सुटला. चहा पँटवर आणि सतरंजीवर सांडला. कप उचलायला देवराव वाकले, पण बोटे कपाभोवती मिटत नव्हती.

शेजारी बसलेल्या बायजाबाई ठवकर यांनी ते आधी पाहिले.

"काहून गा देवराव? हात काहून असा लोंबून राहिला?"

"झोपला वाटते." शब्द जड निघाले.

"हात झोपते रात्री. चहा पेता पेता कोणाचा हात झोपते?"

देवराव हसले. हसताना तोंडाची उजवी बाजू मागे राहिली. तेव्हा आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले.

देवराव सत्तावन्न वर्षांचे. वीज केंद्रातून फिटर म्हणून मुदतीआधी निवृत्त, राहणार इंदोरा. बायजाबाई बासष्ट वर्षांच्या, उमरेडजवळच्या एका खेड्यातल्या. वर्षभरापासून मुलीकडे प्रताप नगरात राहतात. दोघांनाही रक्ताचा दुर्मीळ कर्करोग आहे. विदर्भातल्या अशा त्रेचाळीस रुग्णांचे एक मंडळ आहे, 'सोबत' नावाचे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते या हॉलमध्ये जमते. डॉक्टर येतात, शंका विचारल्या जातात, आणि ज्याला जे कळले ते तो दुसऱ्याला सांगतो.

मंडळ चालवणाऱ्या इंदुताई बारलिंगे स्वतः चौदा वर्षांपासून अशाच एका आजाराच्या रुग्ण आहेत. शाळेच्या कार्यालयात त्यांनी नोकरी केली. नोंद करण्याची सवय तिथली. त्यांनी घड्याळ पाहिले. अकरा वाजून सोळा मिनिटांनी देवरावांची मूठ पुन्हा वळली. तोंडही सरळ झाले.

"पहा, झालं," देवराव म्हणाले आणि मूठ दोनदा उघडून मिटून दाखवली. "चला, सुरू करा मीटिंग."

"मागचं रक्त कधी काढलं होतं?" इंदुताईंनी विचारले.

"झाला असन महिना."

"तारीख सांगा, देवराव."

देवराव रुमालाने सतरंजी पुसू लागले. मध्ये बायजाबाई बोलल्या.

"सांगून टाक गा. नाही तं मी सांगतो."

"चोवीस ऑगस्ट," देवराव म्हणाले.

म्हणजे अकरा आठवडे.

मंडळाच्या रजिस्टरमध्ये मात्र वेगळेच लिहिलेले होते. प्रत्येक बैठकीला रुग्ण आपला ताजा आकडा चिठ्ठीवर लिहून देतात आणि इंदुताई तो उतरवून घेतात. देवरावांच्या नावापुढे सप्टेंबरमध्ये ४५ आणि ऑक्टोबरमध्ये ४४ असे होते. दोन्ही चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरात होत्या. दोन्ही आकडे त्यांनी मनाने लिहिले होते.

हा आकडा म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, ते. देवरावांच्या हाडांतला मगज गरजेपेक्षा जास्त तांबड्या पेशी तयार करतो. रक्त दाट होते आणि शिरेतच गोठू शकते. गाठ मेंदूच्या वाटेवर अडकली तर लकवा होतो. यावरचा उपाय जुना आहे. ठरावीक आठवड्यांनी साडेतीनशे मिलिलिटर रक्त काढून टाकायचे आणि वाटा पंचेचाळीस टक्क्यांच्या खाली ठेवायचा. देवरावांचे वय साठच्या आत होते आणि आधी कधी गाठ झालेली नव्हती. म्हणून रोजची एक अ‍ॅस्पिरिनची गोळी आणि हे रक्त काढणे, एवढेच त्यांचे उपचार होते.

बायजाबाईंचे उलटे होते. त्यांचा मगज वाळत चालला आहे. तिथे रक्त तयार होत नाही. ते काम पोटातल्या प्लीहेने अंगावर घेतले आणि ती वाढत बेंबीपर्यंत आली. बायजाबाई तिला पाणथरी म्हणतात. दर तीन आठवड्यांनी त्यांना बाहेरून रक्त चढवावे लागते. त्यांची पुढची पिशवी सोमवारी, ११ नोव्हेंबरला ठरलेली होती.

या दोघांची जोडी मंडळानेच लावली होती.

नव्या रुग्णाला जुना जोडीदार द्यायचा, ही 'सोबत'ची पद्धत. डॉक्टरांकडे सात मिनिटे मिळतात. बाकीचे जोडीदाराला विचारायचे. अंघोळीनंतर अंगाला मुंग्या चावल्यासारखी खाज का येते, गोळी जेवणाआधी की नंतर, आजार पोराबाळांना होईल का, शेजाऱ्यांना सांगावे का. एकाच आजाराचे दोघे जोडायचे, हा नियम इंदुताईंनीच केला होता. देवराव जूनमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या फायलीत मगजाच्या तपासणीचा अहवाल नव्हता, फक्त जनुकाचा होता. त्यात जॅक-टू नावाचा दोष आढळल्याची एक ओळ होती. बायजाबाईंच्या फायलीतही अक्षर न् अक्षर तीच ओळ होती. त्याखाली दोघांचा रक्तगटही एकच होता, बी निगेटिव्ह. इंदुताईंनी दोन्ही नावे रजिस्टरच्या एकाच पानावर घेतली.

तो दोष दोन-तीन वेगवेगळ्या आजारांत सापडतो, हे इंदुताईंना माहीत होते. त्यांच्या स्वतःच्या अहवालातही तो आहे. अहवाल आला की पान बदलू, असे त्यांनी ठरवले होते. अहवाल जुलैत आला. तोवर देवराव आणि बायजाबाई रोज संध्याकाळी साडेसातला फोनवर बोलू लागले होते. बायजाबाई, ज्या आधी तीन बैठकांत तोंड उघडत नव्हत्या, त्या हॉलमध्ये मोठ्याने हसू लागल्या होत्या. इंदुताईंनी पान तसेच ठेवले.

बायजाबाईंनी देवरावांना आपल्याजवळ होते ते सगळे दिले. बीट खायचे, खजूर खायचा, लोखंडी कढईत भाजी करायची. दर पंधरा दिवसांनी त्या हाळिवाचे लाडू डब्यात घालून पाठवत. अशक्तपणा वाटतो, असे देवराव म्हणाले तेव्हा त्या म्हणाल्या, "वाटनच ना गा. रक्त काढून राहिले तुझं. मले एक पिशवी भेटाले मुलगी चार जागी फोन लावते, अन् तुझी पिशवी ते फेकून देतेत."

देवरावांनी ही गोष्ट आधीच विचारून घेतली होती. काढलेली पिशवी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते आणि नंतर जाळली जाते, असे नर्सने सांगितले होते.

देवरावांनी आयुष्यात अडतीस वेळा रक्तदान केले आहे. पहिले एकोणिसाव्या वर्षी, वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या शिबिरात. रक्तगट दुर्मीळ असल्याने नंतर रक्तपेढीवाले थेट फोन करत. बाळंतिणीसाठी, अपघातातल्या माणसासाठी ते ड्युटी टाकून गेले आहेत. या वर्षी चौदा एप्रिलला बाही वर करून बसले असताना तपासणीत हिमोग्लोबिन भलतेच जास्त, १९.४ निघाले. वस्तीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिबिरातल्या डॉक्टरने रक्त घेतले नाही आणि तज्ज्ञाकडे जायला सांगितले. आजार सापडला तो असा.

मंगळवार, २७ ऑगस्टला बायजाबाईंसाठी बी निगेटिव्ह रक्त कुठेच मिळत नव्हते. देवराव बायजाबाईंच्या मुलीसोबत शहरातल्या एका रक्तपेढीत गेले. काउंटरवरच्या तंत्रज्ञाने सायंकाळपर्यंत थांबायला सांगितले. देवरावांनी बाही वर केली.

"माझं घ्या. गट तोच आहे."

तंत्रज्ञाने नाव विचारले, जुने कार्ड पाहिले, मग आजार विचारला. "काका, तुमचं नाही चालत आता."

"काहून नाही चालत? जास्त आहे म्हणूनच तं काढून राहिले."

"जिथं ते तयार होते तिथंच बिघाड आहे ना. पेशंटले कसं देणार?"

"अडतीस वेळा घेतलं. तवा बिघाड नव्हता काय?"

तंत्रज्ञाने कार्ड परत सरकवले. तो म्हणाला, "तुम्ही वर अर्ज करून पहा." बोलून मोकळे व्हायला माणूस म्हणतो तसे तो म्हणाला होता. देवरावांनी मात्र त्याच दिवशी अर्ज लिहिला. त्यात त्यांनी आपल्या अडतीस दानांच्या तारखा जोडल्या. अर्जाचे उत्तर आजवर आलेले नाही.

त्या संध्याकाळी साडेसातच्या फोनवर काय ठरले, ते दोघांनीही नंतर जवळपास सारखेच सांगितले. देवराव म्हणाले, "परवानगी येतवर अंगातच राहू देतो. आली की तुले देतो." बायजाबाई म्हणाल्या, "नको काढू देऊ. रक्त का फेकाची चीज आहे?"

त्यानंतर देवराव दर तीन आठवड्यांनी शनिवारी स्वतःच्या मुलीला 'रक्त काढून येतो' सांगून घरून निघत आणि दोन तासांनी परत येत. एवढा वेळ ते कुठे बसत, हे त्यांनी सांगितलेले नाही.

हॉलमध्ये डॉ. मयुरा पांढरीपांडे अकरा पस्तीसला पोहोचल्या. रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञ म्हणून त्या पहिल्यापासून मंडळात येतात. त्यांनी देवरावांना दोन्ही हात पुढे करायला लावले, डोळे मिटायला लावले, स्वतःची दोन बोटे घट्ट धरायला सांगितली.

"सहा मिनिटं गेलेला हात परत आला, हे नशीब समजा. दुसऱ्यांदा येईलच असं नाही. आत्ता हॉस्पिटलमध्ये चला. आधी रक्त काढू, मग मेंदूचा फोटो."

"काढलेलं तिले देता काय?" देवरावांनी बायजाबाईंकडे बोट केले.

"नाही देता येत."

"मग नाही काढत."

"देवराव, ही काय भाजी मंडी आहे का सौदा कराले?" मागच्या रांगेतून एक जण म्हणाला. दोघे-तिघे हसले. देवराव हसले नाहीत.

डॉक्टरांनी पुन्हा समजावले. देवराव ऐकत होते, अधूनमधून मान हलवत होते, आणि उठत नव्हते. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं असन. पण माह्या आजाराचं हिले जास्त माहीत आहे. हिचाही तोच आहे."

अकरा पन्नासला इंदुताई उभ्या राहिल्या. रजिस्टर त्यांच्या हातात होते. त्यांनी ते उघडले नाही.

"तोच नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा वेगळा, बायजाबाईंचा वेगळा. जोडी लावताना मी चुकले. जुलैत मला कळलं होतं. मी सांगितलं नाही."

बायजाबाईंनी पदर सारखा केला.

"वेगळा म्हणजे कसा वं इंदुताई?"

"तुम्हाला रक्त कमी पडतं. त्यांना जास्त होतं. तुम्हाला जे खाऊन बरं वाटतं, ते त्यांनी खायचं नव्हतं."

"लाडू?"

इंदुताईंनी होकारार्थी मान हलवली.

"अन् तुम्ही जुलैपासून पाहून राहिल्या? मी डब्बा घेऊन येतो, तुमच्यासमोर देतो, तुम्हीही एक लाडू खाल्ला त्यातला." बायजाबाईंचा आवाज चढला नाही. "मी अडाणी. मले ते कागद वाचता येत नाही. तुम्ही तं वाचता ना?"

"हो."

"मग बोलल्या काहून नाही?"

"तुम्ही दोघं बोलत होता. ते मोडू नये वाटलं."

"मोडलं असतं तं मोडलं असतं," बायजाबाई म्हणाल्या. "हात तं नसता गेला त्याचा."

"म्हणजे आम्ही जोडीदार नाही काय?" देवरावांनी विचारले. प्रश्न कोणाला होता, ते कळले नाही.

मग बायजाबाई उठल्या. पोटावर एक हात ठेवून त्या सावकाश उठतात. पाणथरी जड आहे. त्यांनी देवरावांच्या खांद्यावर थाप मारली.

"चाल."

"कुठं?"

"दवाखान्यात. मी येतो संगं. पिशवी भरतवर बसतो तिथं."

"फेकतेत ते."

"फेकू दे. मीच बोलली होती ना, नको काढू देऊ? आता मीच बोलून राहिली, काढू दे. मुकाट्यानं उठ. नाही तं साऱ्या लोकांसमोर बखोट धरून नेतो तुले."

देवराव उठले.

हॉस्पिटल तिसऱ्या गल्लीत होते, तरी डॉक्टरांनी त्यांना चालू दिले नाही. ऑटोत देवराव, बायजाबाई आणि डॉक्टर बसले. इंदुताई मागून पायी गेल्या. देवरावांची मुलगी सोनिका धरमपेठेत एका चष्म्याच्या दुकानात काम करते. तिला फोन गेला तेव्हा ती ग्राहकासमोर होती. ती साडेबाराला पोहोचली. बाबांचे रक्त नियमित निघत आहे, असे ती त्या क्षणापर्यंत समजत होती. तिने वडिलांना फक्त एवढे विचारले, "शनिवारी कुठं जात होते?" देवरावांनी छताकडे पाहिले.

तपासणीचा आकडा एक वाजता आला. ५७.८.

एक वीसला रक्त काढणे सुरू झाले. एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्या हातात सलाईन. दाटपणामुळे धार मंद होती. एरवी पंधरा मिनिटांत भरणाऱ्या पिशवीला पस्तीस मिनिटे लागली. बायजाबाई पलंगाजवळच्या स्टुलावर बसून होत्या. नर्सने त्यांना दोनदा बाहेर जायला सांगितले आणि तिसऱ्यांदा सोडून दिले.

"किती काळं आहे गा तुझं," पिशवीकडे पाहून बायजाबाई म्हणाल्या.

"तुझं कसं असते?"

"मले काय माहीत? माह्यात दुसऱ्याचंच असते."

देवराव हसले. या वेळी तोंड दोन्ही बाजूंनी हसले, असे सोनिकाने सांगितले.

"अर्ज केला आहे मी," ते म्हणाले.

"माहीत आहे. दहादा सांगितलं."

"येईन उत्तर."

"येईन तं येईन. तू हात हलवू नको."

एक पंचावन्नला पिशवी भरली. नर्सने नळी बांधली, पिशवीवर लाल शाईने फुली मारली आणि ती नेली. दरवाजा बंद होईपर्यंत दोघेही तिच्याकडे पाहत होते.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी, एमआरआयसाठी चाकाच्या खुर्चीत बसवत असताना, देवरावांचा उजवा हात दुसऱ्यांदा गेला. या वेळी सहा मिनिटे झाली, मग वीस. चाळीस मिनिटांनी दंड हलला, मनगट वळले. अंगठा आणि पहिले बोट हलले नाहीत. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात हरभऱ्याएवढा एक ताजा डाग दिसला. डॉक्टरांनी नवे औषध सुरू केले. आकडा खाली आणायला आणखी एक पिशवी चोवीस तासांच्या आत काढावी लागेल, तोवर धोका तसाच आहे, असे त्यांनी सोनिकाला सांगितले.

बायजाबाई सायंकाळी पाचपर्यंत वॉर्डाबाहेरच्या बाकावर होत्या. मुलगी घ्यायला आली तेव्हा त्यांना दम लागत होता आणि जिना उतरवत नव्हता. रात्री त्या घरी न जाता त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर दाखल झाल्या. हिमोग्लोबिन ५.६ होते. पिशवी सोमवारची ठरलेली होती, पण ती दुपारीच एका बाळंतिणीला द्यावी लागली, असा निरोप रक्तपेढीतून आला. दुसरी शोधत आहोत, असेही ते म्हणाले.

सोमवारी सकाळी नऊला इंदुताई आल्या. सोबत रजिस्टर नव्हते. आदल्या रात्री त्यांनी मंडळातल्या उरलेल्या एकोणीस जोड्यांच्या फायली काढून एक-एक तपासली होती. आणखी एका जोडीत तीच चूक सापडली आणि सकाळी सातलाच त्यांनी दोघांना फोन करून सांगितले. हे त्यांनी डॉक्टरांना कळवले. पहिल्या मजल्यावर बायजाबाईंनी त्यांना बसायला सांगितले, पण बोलल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावर देवरावांच्या दारातूनच इंदुताई परतल्या. देवराव झोपले होते.

दहा वाजून दहा मिनिटांनी देवराव जागे झाले. दुसऱ्या पिशवीचे संमतीपत्र सोनिकाने पलंगावर ठेवले. पहिल्या वेळी रुग्णाने स्वतः सही केली होती. तो शुद्धीवर असताना दुसऱ्या कोणाची सही चालत नाही, असे नर्सने सांगितले. डाव्या हाताचा अंगठा चालेल, असेही सांगितले. सोनिकाने शाईचा पॅड उघडला.

देवरावांची जीभ अजून जड होती. त्यांनी एकच गोष्ट विचारली आणि ती कळायला सोनिकाला दोनदा ऐकावे लागले.

"तिले भेटलं काय?"

सोनिकाने पहिल्या मजल्यावर फोन लावला. बायजाबाईंच्या मुलीने सांगितले, चार ठिकाणी विचारले आहे, अजून नाही. आईला दम लागून राहिला आहे. आईने निरोप दिला आहे की मुकाट्याने अंगठा दे, मी वर येऊ शकत नाही.

सोनिकाने निरोप जसाच्या तसा सांगितला. देवरावांनी ऐकला. "तिले भेटतवर राहू दे अंगातच," ते म्हणाले. डावा हात त्यांनी चादरीवरच ठेवला, मूठ मिटून.

डॉ. मयुरा दहा पंचवीसला आल्या, पलंगाजवळ बसल्या. सकाळचा आकडा ५३.१ होता. तो त्यांनी देवरावांना सांगितला आणि त्याचा अर्थही सांगितला. देवरावांनी समजल्याची मान हलवली.

सोमवार, ११ नोव्हेंबर, सकाळी दहा चाळीसपर्यंत संमतीपत्रावर अंगठा उठलेला नव्हता. रक्तपेढ्यांकडून बी निगेटिव्हचा निरोप आलेला नव्हता.